जावयाच्या हातचं तीर्थ

श्रावणातल्या सोमवारी सुलोचनाबाई गौतमपुऱ्याला मावशीकडे गेल्या आणि महादेवाचा अभिषेक नवऱ्याच्या गळ्यात पडला. सुधाकररावांना पूजा येत नव्हती असं नाही. बायको घरात नसताना त्यांनी ती कधी केली नव्हती, एवढंच. अशा माणसाला उत्साह फार. राऊ गावच्या त्या नव्या कॉलनीत बेल मिळाला नाही, पण त्यांच्याच ओट्यासमोर नर्सरीतून आणलेला परदेशी धोतरा पांढऱ्या कर्ण्यांसारखी फुलं खाली सोडून उभा होता. कण्हेर, रुई, धोतरा, ज्याला कुणी हात लावत नाही ते सगळं महादेवाचं. विष पचवणाऱ्या देवाला विषारीच फूल शोभतं, असं सुधाकरराव दर श्रावणात लोकांना समजावून सांगत. आणि तरीही आदल्या संध्याकाळीच त्यांनी ती फुलं अभिषेकाच्या तांब्यात कोंबून ठेवली. पाण्याला वास यावा म्हणून!

अभिषेक आटोपतो तोच फाटक वाजलं आणि सासरे आले. जयसिंगराव म्हणजे होळकरांच्या कारभाऱ्यांचं घराणं. लेकीनं रेल्वेतल्या कारकुनाच्या मुलाशी लग्न केलं, ते त्यांनी कसंबसं सोसलं. पण त्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही. येताना स्वतःची बाटली आणायची, ओट्यावरच्या खुर्चीत बसायचं, लेकीशी बोलायचं आणि उठायचं. नात उर्वी कॉलेजात जायला लागली तरी हा नेम मोडला नव्हता. सुधाकररावांना हे फार लागायचं. "दादासाहेब, चहा?" असं विचारायचं त्यांनी कधी सोडलं नाही, आणि "नको" ऐकायची त्यांना कधी सवय झाली नाही.

आज पळीत तीर्थ होतं. देवाला नाही कसं म्हणणार? जयसिंगरावांनी क्षणभर विचार केला आणि उजवा हात पुढे केला. सुधाकररावांनी घाईघाईत पळी अशी वाकडी केली की अर्धं तीर्थ स्वतःच्याच बाहीवर सांडलं. सासऱ्यांनी हात वर नेला एवढंच त्यांनी पाहिलं. पुढचं पाहायला डोळे कोरडे राहिले नव्हते. ते आत पळाले आणि आनंदाच्या भरात ताम्हणातलं उरलेलं सगळं तीर्थ गटागटा पिऊन मोकळे झाले. कडू लागलं. पण अशा वेळी चव कोण बघतो?

उर्वी केस पुसत देवघरात आली. "पापा, तांब्यात ये फूल कुणी टाकले?"

"मी. महादेवाला आवडतात."

"अरे यार, पूरं झाड जहरीलं आहे! ते पाणीपण! कुणाला दिलं तर नाही ना?"

सुधाकररावांची जीभ टाळ्याला चिकटली. "तुझ्या नानांना दिलं, दादासाहेबांना."

"आणि तुम्ही?" हे विचारायचं पोरीला सुचलं नाही, आणि सांगायचं बापाला सुचलं नाही. तिनं घाईघाईनं फोन उघडला. "तोंडाला कोरड पडते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. उजेड सोसत नाही. मग भास होतात."

सुधाकररावांच्या तोंडाला कोरड पडली होतीच. भीतीनं, असं त्यांना वाटलं. फोनवरची अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली, त्याचा दोष त्यांनी चष्म्याला दिला. टॉर्च घेऊन ते ओट्यावर आले.

जयसिंगराव डोळे मिटून खुर्चीत बसले होते. आभाळ भरलेलं होतं, वारा बंद होता आणि कॉलनीचे सगळे आवाज कुणीतरी आवरून ठेवावेत तशी शांतता होती. एवढ्यात धोतऱ्याचं एक फूल हललं. खाली लोंबणारं ते तोंड हळूहळू वर आलं आणि सुधाकररावांकडे वळून थांबलं. मग दुसरं वळलं, मग सगळं झाडच त्यांच्याकडे बघू लागलं. तरी ते खाली वाकले आणि त्यांनी सासऱ्यांच्या डोळ्यांवर टॉर्च मारला.

"काय चाललंय हे?"

"बाहुल्या बघतोय, दादासाहेब. घाबरू नका."

"मी घाबरलेलो नाही. तुम्ही हवेतून काय वेचताय?"

सुधाकररावांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. छतावरून पांढरे बारीक दोरे उतरत होते. "दोरे आहेत. तुमच्या तोंडावर येताहेत."

जयसिंगराव ताडकन उभे राहिले. "उर्वी, गाडी बोलाव."

शेजारच्या नीरजनं गाडी काढली. "टेंशन मत लो भिया, अब्बी पोचतो आपण," म्हणत त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. पुढच्या सीटवर सुधाकररावांचे वडील बसले होते. ते वारून बरीच वर्षं झाली होती, पण रेल्वेचा कोट तोच होता. त्यांनी सावकाश मान वळवली. मान वळली, खांदे वळले नाहीत. "व्याही पाणी प्यायले का रे?"

"प्यायले, बाबा," सुधाकरराव हुंदके देत म्हणाले, "पण आता मरणार आहेत."

तेवढ्यात एका म्हाताऱ्या हातानं त्यांचा हात घट्ट धरला. "सुधाकर, असं सोडून जायचं नाही. पोटचा मुलगा असता तरी तुझ्याइतकी वाट बघितली नसती त्यानं." आवाज जयसिंगरावांचा होता. मरणारा माणूस मऊ होतो, हे सुधाकररावांनी ऐकलं होतं. ते आणखीच रडले.

हॉस्पिटलात पांढऱ्या कोटातल्या उंच डॉक्टरांना त्यांनी हात जोडून सगळा प्रकार सांगितला. डॉक्टर नुसते हलत राहिले.

"काका," मागून एक बाईचा आवाज आला, "डॉक्टर मी आहे. तो पर्दा आहे."

डॉक्टरीणबाईंनी आधी जयसिंगरावांचे डोळे तपासले. "तुम्ही तर एकदम ठीक आहात. प्यायलात किती?"

"थेंबही नाही. पिंडीवरचं तीर्थ आमच्यात पीत नाहीत, डोक्याला लावतात. तपासायचं ते यांना तपासा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सुधाकररावांचं चित्त ठिकाणावर आलं. उशाशी सुलोचनाबाई होत्या, पायथ्याशी उर्वी. काल काय झालं ते उर्वीनं सांगितलं, सासऱ्यांनी तीर्थ नुसतं डोक्याला लावलं हेही सांगितलं, तेव्हा सुधाकररावांचा चेहरा उतरला. जीव वाचल्याचा आनंद दूरच राहिला.

"फुलं माझ्याकडे बघत होती?"

"नाही, पापा."

"पुढच्या सीटवर बाबा?"

"वहां माझी बॅग होती."

"मग नानांनी हात धरून काही म्हटलं, तेही..."

"ते खरंच झालं. नाना रोये भी! नीरजभियांनापण विचारा."

दारात जयसिंगराव उभे होते. सगळे आपल्याकडे बघताहेत हे कळल्यावर त्यांचे कान लाल झाले. "बोललो असेन काहीतरी," ते गुरगुरले. "मीही ते तीर्थ प्यालो होतो. भ्रम झाला असेल."

सुधाकरराव उठून बसले. "प्यालात, दादासाहेब? आमच्या घरचं?"

"प्यालो म्हटलं ना!"

सलाइन बदलणाऱ्या नर्सचे हात थांबले. "कल से पेट में है और अब बता रहे हो, आजोबा? उर्वीबेटा, मॅडमना बोलाव! चला, झोपा त्या पलंगावर. रक्त काढावं लागेल, ईसीजी होईल, आज इथेच राहायचं."

उर्वीनं तोंड उघडलं, पण सुलोचनाबाईंनी तिचा हात दाबला. सगळ्यांच्या नजरा जयसिंगरावांवर होत्या. "प्यालो नाही" एवढं म्हटलं की सुटका होती. त्यांनी ट्रेमधल्या सुईकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. चपला काढून ते शेजारच्या पलंगावर चढले आणि बाही वर सरकवू लागले.

"कोणत्या हाताला?" त्यांनी नर्सला विचारलं.