मेंदूचा नकाशा आणि माझी स्कूटर

न हलता पडून राहण्यात अख्ख्या इंदिरानगरात माझा हात धरणारा कोणी नाही! त्यामुळे पुतणी तृप्ती म्हणाली, “काका, स्कॅनिंगसाठी एक धडधाकट मेंदू हवाय. नुसतं स्थिर पडायचं,” तेव्हा मी लगेच छाती पुढे काढली.

तिचा अभ्यास मेंदूतल्या वाटांचा. “मधोमध थॅलॅमस असतो, आपल्या द्वारका चौकासारखा. डोळ्याकानांची वाहतूक तिथून वरच्या थराकडे, कॉर्टेक्सकडे जाते. कुठला रस्ता कुठे निघतो, त्याचा नकाशा काढतेय.”

एवढा एक मेंदू मिळाला की तिचा प्रबंध पुरा. गंगापूर रोडच्या एका एमआरआय सेंटरने रविवारची सकाळ फुकट दिली होती, तीही शेवटचीच.

मी हेडफोन लावून बोगद्यात शिरलो. मशीन ठकठक करू लागलं. बाहेर आमची ही, म्हणजे ललिता, नेमकी माइकजवळ बसलेली! तृप्तीचं लक्ष पडद्यावर.

“अहो, थंडी वाजतेय का?”

मी मान डोलावली.

“काका, हललात!” तृप्ती ओरडली. “आता पुन्हा पहिल्यापासून!”

डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज कोंबले. पुन्हा ठकठक. आणि पुन्हा ही!

“अहो, आपली स्कूटर माझ्या भावाला, दत्तूला देऊ या ना?”

काय सांगू! इतक्या वर्षांची सवय! हिचा आवाज आला की माझी मान आपोआप हो म्हणते. तो आवाज कॉर्टेक्सपर्यंत पोचतच नाही, द्वारकेवरूनच माघारी फिरतो!

“काका!” तृप्ती रडकुंडीला आली.

“हो म्हणाले गं!” ललिता खूश. “तू साक्षीदार. मशीनमध्येही आलंय.”

“अगं, मी ऐकलंच नाही!” मी आतून बोंबललो.

“मग हो कशाला म्हणालात?”



बाहेर पेशंट जमू लागले. तृप्तीने डोक्याला हात लावला. तेव्हा ललिता उठली. “व्हा बाजूला! मी झोपते.” मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, साडीच्या पिना, सगळं माझ्या ओंजळीत टाकून, तिथला गाऊन घालून बाईसाहेब आत!

आता माइक माझ्या हाती होता. मी बटण दाबलं.

“स्कूटर मिळणार नाही! ऐकलंस? त्या दत्तूला सांग, चालत जा म्हणावं!”

“काका, गप्प बसा हो!” तृप्तीने माइक हिसकावला.

स्कॅन संपलं आणि तृप्तीने टाळीच वाजवली. “काकू, कमाल केलीत! काका एवढे ओरडत होते, तरी तुमचं डोकं तसूभर हललं नाही!”

“मी बोलल्यावर ते कधी हललंय?” मी म्हणालो.

ललिताने ऐकलं नाही. ती दत्तूला फोन लावत होती.