सातव्या वाफ्यातलं वांगं

मुक्ताबाईंनी त्या वांग्याला खणाची पिशवी शिवली ती अळीच्या भीतीनं. देवाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. हे त्यांनी पुढं पाच आठवडे माधवनगरात ज्याला त्याला सांगितलं आणि एकानंही ऐकलं नाही.

बंद पडलेल्या गिरणीच्या चाळीमागं मोकळी जागा होती. तिथं चाळकऱ्यांनी दोरी धरून सतरा वाफे पाडले होते, घरटी एक. मेथी, पावटा, घेवडा, कांदापात, ज्याला जे साधेल ते त्यानं लावावं. कारभार नाथाजींकडं. ते फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या शिट्टीवर नळ सुरू व्हायचा आणि शिट्टीवर बंद. त्यांचा मोठा नियम एकच. भोगीला सगळ्यांच्या भाजीचा एक हंडा चढतो, त्यात प्रत्येक वाफ्यातलं काहीतरी पडलंच पाहिजे. ज्याचं पडलं नाही त्याचा वाफा, वाफ्यासाठी थांबलेल्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला. यादीत पहिलं नाव दादासोंचं. चाळीच्या कोपऱ्यावर त्यांचं पेंड-भुशाचं दुकान होतं आणि नळाजवळच्या सातव्या वाफ्यावर तीन वर्षांपासून डोळा होता.

सातवा वाफा मुक्ताबाईंचा. दिवसभर लोकांचे ब्लाउज शिवून झाले की त्या तिथं तासभर उकिडव्या बसत. तिथं कुणी "बाही घट्ट झाली" म्हणत नसे. नवरा गेल्यापासून बाईला आपली म्हणावी अशी तेवढीच दहा बाय बारा जागा. यंदा लेकीच्या, दीक्षाच्या, बाळंतपणाला त्या महिनाभर कोयनानगरला राहिल्या. परत येऊन बघतात तर वाफ्यात गुडघाभर तण, आणि वांग्याच्या चार झाडांपैकी तीन अळीनं शेंडे पोखरून वाळवलेली. चौथ्यावर एक वांगं. लिंबाएवढं, पांढरट हिरवं, कृष्णाकाठचं अस्सल. त्यांनी तण काढलं, उशिरानं का होईना मेथी फेकली आणि वांग्याला पिशवी करायला बसल्या. कतरणीच्या गाठोड्यातनं हाताला लागला तो तुकडा लाल खणाचा, हिरव्या काठाचा. झाली पिशवी.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाफ्यातल्या मनुबाई बादली हातात धरून थबकल्याच.

"मुक्ते, खण नेसवलास? कुणाचा नवस गं?"

"कसला नवस! अळी लागू नये म्हणून बांधलंय. आमच्यात नवस न्हाई, ठाव हाय न्हवं तुला?"

"तुमच्यात नसंल. वांग्यात असंल."

मनुबाईंच्या नातीची, शिवांजलीची, दुसऱ्या दिवशी पोलीस भरतीची धाव होती. असू दे आपलं म्हणून मनुबाईंनी जाता जाता झाडाच्या बुडाला हळदीकुंकू लावलं. शिवांजली धावली आणि पास झाली. पोरगी सहा महिने पहाटे उठून कालव्याच्या रस्त्यानं पळत होती, ते सगळे विसरले. वांगं तेवढं लक्षात राहिलं.

मग काय विचारता! कुणाची म्हैस गाभण राहीना, कुणाच्या पोराला स्थळ येईना. सकाळसंध्याकाळ माणसं येऊ लागली. उदबत्त्या आल्या, झेंडूची फुलं आली, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाखाली मेथी मात्र साफ गेली. मुक्ताबाईंनी पुठ्ठ्यावर ठळक लिहून लावलं, "हे साधं वांगं आहे. पाया पडू नये." संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यालाही हार पडला.

शेवटी त्या नाथाजींकडं गेल्या.

"सुभेदार, मेथी तर गेली. भोगीपर्यंत हे एवढंच हाय माझ्याकडं. आत्ताच तोडते आन् वाळवून ठेवते."

"तोडा की. रोकता कौन है?" नाथाजी म्हणाले. पण वाफ्याजवळ आल्यावर त्यांनी चपला बाहेर काढल्या, हे मुक्ताबाईंच्या नजरेतनं सुटलं नाही.

मुक्ताबाईंनी देठाला हात घातला मात्र, मनुबाई किंचाळल्या. आणि बायकांच्या मागनं वाट काढत दादासो पुढं आले, झाडापुढं आडवे हात करून उभे राहिले.

"मावशी, देवीचं लेणं हाय. पाप अंगाला लावून घेऊ नका."

"दादासो, तुमी कवापासनं येवढं भाविक झालासा?"

"बोलावणं आलं की यावंच लागतंय, मावशी."

दादासोंचं बोलावणं कुठून आलं होतं हे मुक्ताबाईंना पक्कं कळलं. वांगं तुटलं नाही की हंड्यात सातव्या वाफ्याचं काही पडत नाही. हंड्यात पडलं नाही की वाफा दादासोंचा. त्या दिवसापासनं दादासो रोज सकाळी एक घागर पाणी आणि दुकानातला मूठ मूठ हरभरा घेऊन येऊ लागले. झाडाला वळसा घालत, सगळ्यांना दिसेल असं, हरभरा वाहायचे. आणि तासभर राखण करत बसायचे.

मुक्ताबाईंचं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. नळाजवळचा वाफा, म्हाताऱ्या मनुबाईंची बडबड, संध्याकाळचं ते उकिडवं बसणं, सगळं भोगीपर्यंतचं.

मग एका सकाळी त्या सुकलेले झेंडू बाजूला करत झाडाजवळ बराच वेळ बसून राहिल्या. त्यानंतर त्यांनी कुणाला अडवलं नाही. येणाऱ्यांना उलट पायवाट आखून दिली, चार विटा मांडून. दादासोंना तर त्या हाक मारून सांगू लागल्या.

"दादासो, काल आला न्हाईसा?"

"सांगलीला गेलतो, मावशी."

"आज जरा उजव्या अंगाला वाहा. तिकडं कमी पडलंय."

बाईला अखेर अक्कल आली, असं दादासोंना वाटलं. त्यांनी मूठ सोडून ओंजळ धरली.

भोगीचा दिवस उजाडला. चुलवणावर हंडा चढला. नाथाजी वही धरून हजेरी घेऊ लागले आणि एकेक जण आपापली पाटी हंड्याजवळ रिकामी करू लागला. गाजरं पडली, पावटा पडला, घेवडा पडला.

"वाफा नंबर सात!"

दादासोंनी घसा साफ केला. "लिवा सुभेदार, गैरहजर."

"हाजर हाय," मुक्ताबाई म्हणाल्या आणि बुट्टीवरचं फडकं काढलं. बुट्टीत शिगोशीग हरभऱ्याचे कोवळे शेंडे.

"ही भाजी कुठली गं बाई?" मनुबाई म्हणाल्या.

"माझ्या वाफ्यातली. बघा की जाऊन."

सगळे वळले. पाच आठवडे प्रत्येकाची नजर पिशवीवर होती. पिशवीखाली काय माजलंय ते कुणी बघितलं नव्हतं. झाडाभोवती वीतभर हरभरा दाट उठला होता. उजव्या अंगाला तर जास्तच.

"आवं, त्यो माझा हरभरा हाय!" दादासो ओरडले.

"तुमचा कसा काय?" नाथाजींनी विचारलं.

"मी वाहिलाय! रोज! ओंजळीनं!"

"देवाला दिलेलं परत मागणारा हा पहिलाच बघितला," चाळीतल्या सगळ्यांत थोरल्या आजी म्हणाल्या.

"कसला देव घेऊन बसलाय!" दादासो भडकले. "साधं वांगं हाय ते!"

"पाच आठवडं मी दुसरं काय सांगतेय?" मुक्ताबाई म्हणाल्या.

हसण्याचा असा लोट उठला की चुलवणाजवळची कावळ्यांची पंगत उडाली. नाथाजींनी शिट्टी मारली तेव्हा कुठं शांतता झाली.

"फैसला ऐका. देव असंल तर ते दान झालं. नसंल तर ती पेरणी झाली. दोन्हीकडनं हरभरा सातव्या वाफ्याचा आन् वाफा मुक्ताबाईंचा. डिसमिस!"

मग मुक्ताबाईंनी स्वतःच्या हातानं पिशवीची नाडी सोडली. यावेळी कुणी किंचाळलं नाही. पाच आठवडे राखलेलं वांगं पिवळंधमक, जून, नुसतं बियांनी भरलेलं. भाजीला निकामी आणि बियाण्याला सोनं. मनुबाईंनी सगळ्यांत आधी पदर पसरला. मग सोळाही वाफ्यांची माणसं ओळीत उभी राहिली आणि मुक्ताबाईंनी सगळ्यांना बी कबूल केलं, वाळल्यावर न्यायला या म्हणाल्या.

दुपारी पंगत बसली. रिवाज असा की वाफेवाल्यांनी आधी बसायचं आणि यादीतल्यांनी वाढायचं. मुक्ताबाई पहिल्या पाटावर बसल्या. तीळ लावलेली बाजरीची भाकरी पानात आली, लोणी आलं. मग भाजीचं भांडं घेऊन, मान खाली घालून, दादासो समोर आले. त्यांनी पळीच्या टोकानं चमचाभर भाजी पानात टाकली आणि पुढं सरकू लागले.

"थांबा की दादासो," मुक्ताबाई म्हणाल्या, "वाहताना ओंजळ धरत होतासा. वाढताना का हात आखडताय?"