मनुकांचं पातेलं आणि माझं नाक

माणूस ओळखावा तर मीच! एकोणीसशे छप्पन साली अख्ख्या चिंचवडात मी हे छातीठोकपणे सांगत असे. चाल बघून मी माणसाचा जिल्हा सांगायचो आणि वहाणा बघून हुद्दा. एकदा एका रुबाबदार गृहस्थाला मामलेदार समजून मी घरी नेऊन पोहे खाऊ घातले. पोहे संपल्यावर त्याने पिशवीतून ढेकणांच्या पावडरीचे पुडे काढले. असो. एवढ्यातेवढ्याने नाव जात नाही!

त्याच नावावर मी दौलतरावांना आमच्या चाळीत शेजारची खोली मिळवून दिली. दौलतराव नगरकडचे, आमच्याच कारखान्यात फिटर. मी टाइम ऑफिसात. नव्या कारखान्यांमुळे तेव्हा खोली मिळणं म्हणजे मुलीला स्थळ मिळण्याहून अवघड. चाळीचे मालक कोंडाजी, जुने शेतकरी. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"रंगराव, तुमच्या शब्दावर देतो. पन दारूबंदी हाय. चाळीत बाटली घावली की खोली खाली! मग कोन बी असो."

"कोंडाजी, माझं नाक आहे ना!"

दौलतराव ख्रिस्ती होते. त्यात काही विशेष नव्हतं. पण घरात क्रूस नाही! तसबीर नाही! पाद्री कधी फिरकत नाही! पंचवीस डिसेंबरला मी करंज्यांच्या आशेने धुतलेलं धोतर नेसून त्यांच्या दारात गेलो, तर गृहस्थ सायकलचं पंक्चर काढत बसलेले.

"दौलतराव, आज नाताळ ना?"

"आम्ही पाळत नाही, रंगराव. शास्त्रात तारीख दिलेली नाही."

"अहो, तारीख नसेना का! करंज्या तर असतील?"

"येशूच्या शिष्यांच्या पहिल्या मंडळीत जे होत होतं, तेवढंच आम्ही करतो. बाकीचं मागाहून माणसांनी घातलेलं."

मी रिकाम्या हाताने परत आलो. धर्मासाठी प्राण देणारे मी ऐकले होते, पण करंजी सोडणारा माणूस प्रथमच पाहिला. हा नक्की काहीतरी लपवतोय!

मग मी त्यांच्या रविवारांवर नजर ठेवली. सकाळी दहा-बारा माणसं जमत, दार लोटून घेत आणि गाणी म्हणत. नुसत्या गळ्याने! पेटी नाही, तबला नाही.

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून," मी आमच्या सौभाग्यवतींना, सुभद्राबाईंना, समजावून सांगितलं.

"सगळी चाळ ऐकतेय की हो," त्या म्हणाल्या.

बायकांना खोलात जायची सवय नसते. मी गेलो. दोन खोल्यांमधल्या फळ्यांना एक फट होती, तिला डोळा लावला. एक पेला, त्यात काळसर लाल काहीतरी, आणि तो एकच पेला हातोहात फिरतोय! बरं, आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्याच फटीतून मनुका उकळल्याचा वास आलेला. आणि त्यावर कडी म्हणजे दौलतरावांच्या पत्नी शालनबाई दारात येऊन विचारतात, "भाऊ, घट्ट बुचाची एखादी रिकामी बाटली असेल का हो?"

मनुका! पातेलं! बाटली! बूच! आता आणखी काय पुरावा हवा, दारावर गुत्त्याची पाटी?

"रिकामी नाही," मी तुटकपणे म्हणालो. ते खरंच होतं. माझ्याकडे बाटली होती, पण भरलेली. वैद्यांनी दिलेलं द्राक्षासव. माझी पचनशक्ती नाजूक आहे. ती बाटली कपाटात पंचांगामागे असायची, म्हणजे शुभ वेळ बघता बघता पचनही व्हायचं.

पुढच्या रविवारी ही सगळी मंडळी पवनेवर निघाली. मी छत्री घेऊन मागे. बघतो तर काय! कमरेएवढ्या पाण्यात दौलतरावांनी आमच्या कारखान्यातल्या अर्जुनरावांचं नाक दाबलं, पाठीला हात लावला आणि अख्खा माणूस उताणा पाण्याखाली घातला!

"बुडवला! भट्टीचा साक्षीदार बुडवला!" असं ओरडत मी काठावरून धावलो. शेवाळावरून माझे पाय घसरले. मी नदीत, छत्री माझ्यावर, आणि धोतर एकटंच दापोडीच्या दिशेने!

मला बाहेर काढलं ते दौलतरावांनीच. अर्जुनराव शेजारी निथळत, आनंदाने हसत उभे.

"रंगराव, आज माझा बाप्तिस्मा झाला! लहानपणी नुसतं पाणी शिंपडलं होतं. ते आम्ही धरत नाही."

"आणि माझं काय? मी तर पूर्ण बुडालो!"

"तेही धरत नाही," दौलतराव गंभीरपणे म्हणाले. "आधी समजूनउमजून विश्वास कबूल करावा लागतो."

म्हणजे बघा! जीव जाता जाता वाचला, धोतर गेलं, आणि वर बुडणंही हिशेबात नाही! सोमवारी सकाळी मी चौकी गाठली आणि दारूच्या भट्टीची खबर दिली.

रविवारी ऐन गाण्याच्या वेळी चिमाजी हवालदार आले. मागे कोंडाजी, त्यांच्यामागे मी आणि माझ्यामागे चाळ. गाणं संपेपर्यंत हवालदार टोपी काढून उभे राहिले. मग टोपी घातली आणि गरजले, "भट्टी कुठाय?"

"भट्टी नाही, चूल आहे," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पातेलं पुढे केलं. "मनुका भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या. प्रभुभोजनाच्या पेल्यासाठी. आंबू नये म्हणून उकळते. आंबलेलं आम्हाला चालत नाही."

हवालदारांनी बोट बुडवून चाटलं. पुन्हा चाटलं. "हे मनुकांचं पाणी आहे! आमच्या सुनेला बाळंतपणात हेच देत होतो!"

"फसू नका, हवालदार!" मी ओरडलो. "आंबलेल्या द्राक्षांचा वास मी झोपेतसुद्धा ओळखतो!"

"तो कसा काय?"

मी धोतराचा सोगा सावरू लागलो. आमच्या दारातून सुभद्राबाईंचा प्रेमळ आवाज आला. "अहो, त्या बिचाऱ्यांना कशाला छळता? तो वास आमच्या कपाटातला. ह्यांचं औषध!"

दोन मिनिटांत बाटली हवालदारांच्या हातात होती. कोंडाजींची मिशी थरथरायला लागली.

"औषध म्हणून चमच्याने घेत असतील तर सोडतो," हवालदार म्हणाले. "शेजारी कोण? दौलतराव, तुम्ही सांगा. चमच्याने घेतात ना?"

मी दौलतरावांकडे अशा नजरेने पाहिलं, की दगडानेही खोटं बोलावं! माझी खोली जाणार होती. कारखान्याजवळ दुसरी मिळणार नव्हती. एक 'होय' म्हणा, बाबा!

दौलतरावांनी खाली पाहिलं. "साहेब, आमचं होय ते होय आणि नाही ते नाही. फळीला फट आहे. मी चमचा नाही, वाटी पाहिली."

"खोली खाली!" कोंडाजी कडाडले.

"थांबा, कोंडाजी," दौलतराव म्हणाले. "वाटी पाहिली, पण भांडण कधी ऐकलं नाही. घेतात आणि घोरतात. मला खोली ह्यांच्या शब्दावर मिळाली. ह्यांची आता माझ्या शब्दावर राहू द्या. यापुढे वाटी नाही."

कोंडाजींनी मिशी ओढली. "जो मानूस वाटीला चमचा म्हनला न्हाई, त्याचा शबुद मी पाडायचा व्हय? ऱ्हावा, रंगराव. पन तुमच्या शब्दावर न्हाई हां!"

हवालदारांनी माझं द्राक्षासव गटारात ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत मी बघत होतो. गर्दी पांगली. दौलतराव आत गेले, गाणं पुन्हा सुरू झालं. मी उंबऱ्यावर रिकामी बाटली घेऊन बसलो. शालनबाई हळूच जवळ आल्या. मला वाटलं, आता ह्या क्षमेचे दोन शब्द बोलणार, आणि मी रडणार.

"भाऊ," त्या संकोचून म्हणाल्या, "आता रिकामी झालीच आहे, तर ती बाटली द्याल का? बुचासकट."