किट्टूमास्तर सांगून जातात

किट्टूमास्तरांची सायकल दिसली की नजरबादच्या आमच्या गल्लीतली बापेमाणसं न्हाणीघरात शिरत. मास्तर मठाच्या प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवायचे, आणि आज वर्गात काय शिकवलं ते मुलांच्या आईबापांना घरी येऊन सांगायचे. रोज. कोणी बोलावलेलं नसे.

"सुम्ने सांगून जातो," म्हणत ते सायकल कुंपणाला टेकवत. सुम्ने म्हणजे आमच्या म्हैसूरच्या मराठीत सहज, उगीच. त्यांचं सहज अर्धा तास चाले. मूल हुशार की ढ, याबद्दल अवाक्षर नाही. सांगायचं ते फक्त शिकवलेलं. आमच्या वैदेहीला श्लोक शिकवला की तो ह्यांनाही म्हणून दाखवावा लागे. हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, साहेबासमोर न डगमगणारे, पण मास्तरांसमोर ह्यांचा 'ष' हटकून घसरायचा. मुलगी बरोबर म्हणते, तुम्हीच कच्चे, असं मास्तर तोंडावर सांगत. झाडाची मुळं शिकवली त्या दिवशी त्यांनी माझं कढीपत्त्याचं रोप उपटून दाखवलं. पुन्हा लावलंही. रोपाने मात्र ते मनाला लावून घेतलं.

नरसिंहाच्या धड्याला तर कहर झाला. हिरण्यकशिपूला घरात मरण नव्हतं आणि बाहेरही नव्हतं, हे समजावायला मास्तर आमच्या उंबऱ्यावरच मांडी घालून बसले. माझे दीर आणि जाऊ टी. नरसीपूरहून आलेले, ते पिशव्या घेऊन बाहेर उभे. मी आत, स्टोव्हवर दूध. दूध उतू जातंय म्हटलं, तर मास्तर म्हणाले, "स्वल्प थांबा. अजून पोट फाडायचंय."

मोठ्या भावासमोर हे चांगलेच ओशाळले. दुसऱ्याच दिवशी गल्लीतले इतर बाप जमवून शाळेच्या व्यवस्थापकांना भेटले. ठरलं ते असं, की दर महिन्याला पालकसभा घ्यायची आणि मास्तरांनी कोणाच्या घरी जायचं नाही. मास्तर काही वाद न घालता 'आयतु, आयतु' म्हणाले म्हणे. म्हणजे झालं, ठीक आहे.

पहिल्या पालकसभेत व्यवस्थापक संस्कारांवर बोलले. उप्पीट चांगलं होतं. वर्गात काय चाललंय ते मात्र कोणालाच कळलं नाही. घरी वैदेहीला विचारावं, आज काय शिकलीस, तर म्हणायची, "काही नाही." ह्यांनी गोडीत विचारलं, रागावून विचारलं, चॉकलेट दाखवून विचारलं. काही नाही. शेवटी एका संध्याकाळी स्वतःच चपला घालत म्हणाले, चल, मास्तरांकडे जाऊन येऊ.

देवळामागे मास्तरांच्या दोन खोल्या होत्या. आम्हाला पाहून ते गडबडले. नवी तक्रार आली असं वाटलं असावं, कारण मी कुठेच गेलो नाही हो, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग मीच विचारलं, मास्तर, शाळा सुटल्यावर दमूनभागून घरी यायचं सोडून आमची दारं का वाजवत फिरत होता?

मास्तर चटईची काडी उपटू लागले.

"आई विचारायची," ते म्हणाले. "शाळेची पायरी चढली नव्हती ती. मी शिकत होतो तेव्हाही विचारायची, शिकवायला लागलो तेव्हाही. आज काय काय झालं रे वर्गात? ती गेली, आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत यायचं जिवावर यायला लागलं."

हे चटईवर नीट मांडी घालून बसले.

"मास्तर," म्हणाले, "आज काय शिकवलंत?"

कॉफी करतो म्हणून मास्तर आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आतच होते. बाहेर आले ते रिकाम्या हातांनीच, तोंड मात्र धुतलेलं होतं. मग समोर बसून त्यांनी कावेरी नदी सुरू केली, अगदी उगमापासून. कपिला येऊन मिळाली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते, आणि समुद्र अजून बराच लांब होता. आम्ही बसून राहिलो.