मावशींचा उजवा हात

छातीतल्या गाठीच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टरने शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या अंगावरचं धातूचं सगळं उतरवून घेतलं. कानातलं, अंगठी, केसांतले आकडेसुद्धा.

"एवढी झडती कशाला गं?"

"मशीन चुंबकाचं आहे, मावशी. काल लोहाचे कण असलेलं औषध टोचलं ना? ते काखेतल्या ज्या ग्रंथीत आधी पोचतं, ती हे मशीन आवाज करून दाखवतं. रोग पसरलाय का बघायला तेवढीच काढून तपासायची. पण जवळ धातू असला की ते गोंधळतं."

"आणि नाहीच सापडली तर?"

"तर काखेतल्या सगळ्याच काढाव्या लागतील."

मग हात सुजू शकतो, हे मावशींना ठाऊक होतं. चाळीस वर्षं कात्री धरलेला उजवा हात होता तो.

तेवढ्यात डॉक्टर कानाला फोन लावूनच आले आणि मावशींच्या दंडावर पेनाने खूण करू लागले. त्यांच्या हिरव्या शर्टाचा खिसा एका बाजूने उसवून लोंबत होता आणि मावशींना ते काही बघवत नव्हतं. सिस्टर फॉर्म आणायला बाहेर गेली.

थिएटरमध्ये सगळी तयारी चोख होती. स्टीलची हत्यारं बाजूला, प्लॅस्टिकची हाताशी. डॉक्टरांनी मशीनची दांडी सवयीप्रमाणे स्वतःच्या छातीशी धरली आणि म्हणाले, "शून्यावर आणा."

मशीनने भोकाड पसरलं.

"ट्रॉली मागे घ्या!" ट्रॉली मागे गेली. मशीन रडतच होतं. भूल देणाऱ्या बाईंच्या खिशातून किल्ल्या निघाल्या, सहायकाने पट्टा काढून बाहेर पाठवला आणि एका हाताने विजार धरून तो कोपऱ्यात उभा राहिला. तरी रड थांबेना.

"बिघडलंय. आणखी पाच मिनिटं बघू, नाहीतर सगळ्याच काढू," डॉक्टर वैतागून म्हणाले.

सिस्टरने दांडी स्वतःकडे घेतली. मशीन गप्प. डॉक्टरांच्या हाती परत दिली, तर पुन्हा आकांत.

"सर, जरा हलू नका." तिने दांडी डॉक्टरांवरूनच फिरवली. पोटापाशी शांतता. छातीपाशी किंकाळी.

"सर, औषध चुकून तुम्हालाच टोचलं की काय?" कोपऱ्यातून सहायकाने विचारलं.

डॉक्टरांचा गाऊन उतरवला. आतल्या शर्टाच्या खिशाला, उसवलेल्या कडेवर, दिसूही नये इतक्या सफाईने, सेफ्टी पिन लावलेली होती.

पिन निघाली, नवा गाऊन चढला, दांडीला नवं कव्हर लागलं. मग मशीन काखेत एकाच जागी बोललं आणि औषधाने काळपट झालेली एकच ग्रंथी हाती आली. अर्ध्या तासाने लॅबचा फोन आला, ग्रंथी स्वच्छ होती. बाकीच्या जागच्या जागी राहिल्या. सिस्टरने खांद्यानेच डोळे पुसायचा प्रयत्न केला आणि मास्क तेवढा वाकडा झाला.

संध्याकाळी डॉक्टर तावातावाने वॉर्डात गेले. "मावशी, ती पिन तुम्ही लावलीत?"

"हो. अंगावर काही ठेवू नका म्हणाली ना सिस्टर? परकराच्या नाडीत ती एकच राहिली होती. टाकवेना, म्हणून लावून दिली. तुम्ही फोनवर होतात." मावशींनी उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली. "हात राहिला ना हो माझा?"

रागवायला आलेले डॉक्टर कॉटच्या कडेला बसले. "राहिला," ते म्हणाले.

"मग शर्ट ठेवून जा. पिन ही काय शिलाई झाली?"

"दोन आठवडे काम करायचं नाही."

ते दोन आठवडे डॉक्टर लोंबता खिसा घेऊनच हॉस्पिटलभर हिंडले. सिस्टरने सुईदोरा पुढे केला, तर म्हणाले, "नको. काम दिलंय एकांना."