कडूपाल्याची अब्रू

आमच्या अंगणातल्या कडूपाल्याइतका कडू पाला अख्ख्या एनुगू मुलखात नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! एकदा शेजारच्या शेळीनं त्याचं एक पान खाल्लं, तर तिच्या करडांनी दूध सोडलं ते सोडलंच. थेट गवतावर आली बिचारी!

तर माझी दाढ किडली. पुतणी सोमादिना शहरात दातांची डॉक्टर. तिनं दाढ उघडून मुळापर्यंत साफ केली आणि करता करता म्हणाली, "काका, दाताच्या मुळातले जंतू झाडपाल्याच्या अर्कानं मरतात का, ते मी तपासतेय. तोंडात नाही हं, काचेच्या बशीत."

तोंडात कापूस कोंबलेला, तरी मी बोललोच. "माझ्याच दाढेतले जंतू घे, आणि पाला माझ्याच अंगणातला!"

भाऊबंदांच्या बैठकीत मी ही बातमी दिली, तर शेजारचा म्हातारा उडेग्बे फिस्सकन हसला.

"ओझिओको, तुझा पाला सूपात शिजवायला ठीक. जंतू मारायचे तर माझ्या दारची रानतुळस!"

"लाव पैज! हरेल त्यानं बैठकीत सगळ्यांना ताडी वाढायची!"

आमच्याकडे ताडी वाढतो तो सगळ्यात धाकटा. पांढऱ्या दाढीचा माणूस घडा घेऊन फिरला, की त्यानं उरलेलं आयुष्य केळीच्या बागेत लपून काढावं!

"उगोये," मी बायकोला म्हटलं, "पाला तोड आणि सोमादिनाला पोचव. खानदानाची इज्जत तुझ्या हातात आहे!"

निकाल बघायला मी, उगोये आणि उडेग्बे, तिघंही गेलो. उडेग्बेच्या रानतुळशीभोवती बशी स्वच्छ, झाडलेल्या अंगणासारखी. आणि माझ्या पाल्याभोवती? जंतूंचं लग्न लागलं होतं! माझ्याच दाढेतली अवलाद, माझ्याच पाल्यावर बाळसं धरून बसलेली!

"काकू, पाला धुतला होता का?" सोमादिनानं विचारलं.

"म्हणजे काय!" उगोये फणकारली. "डॉक्टरीणबाईकडे न धुतलेला पाला पाठवू? चोळून, पिळून, फेस जाईपर्यंत धुतला! जिभेला कडू लागला तर नाव बदलीन!"

सोमादिनानं कपाळाला हात लावला. "अहो काकू, मला तोच कडवटपणा हवा होता!"

"मग आधी सांगायचं! मी सूपासाठी धुतात तसाच धुतला. यांनीच सांगितलं, इज्जत तुझ्या हातात आहे!"

उडेग्बे हसून हसून खुर्चीतून घसरला. "ते काही नाही! हरलास! घडा उचल!"

"एकदा न धुता तपासा," मी हात जोडले. सोमादिना भली पोर. या खेपेला पाला मी स्वतः तोडला आणि उगोयेची नजर चुकवून नेला. काय सांगू, पाल्याभोवती जंतूंचा मागमूस नाही! रानतुळशीपेक्षा दुप्पट मैदान साफ!

बैठकीत मी उभा राहून गरजलो, "भाऊबंदांनो, आमच्या घरचा न धुतलेला पाला जिंकला!"

उडेग्बेनं गुमान घडा उचलला, सगळ्यांना ताडी वाढली. पण माझ्यापाशी आल्यावर मुद्दाम आवाज चढवला, "ऐकलंत का गं बायांनो? ओझिओकोच्या घरी पाला धूत नाहीत! स्वतः सांगतोय!"

चुलीपाशी बसलेल्या साऱ्या बाया वळल्या. कुणी तोंडावर हात ठेवला, कुणी "अगंबाई!" म्हणून चुकचुकली. आणि उगोये? तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं तसं कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं सूपाचा वाडगा माझ्यापुढे आदळला. वर हिरवा फेस तरंगत होता.

"न धुतलेला आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "जिंकलात ना त्यानं? आता रोज हाच!"

तेव्हापासून माझ्या तोंडात एकही जंतू उरला नसावा. राहील कोण हो तिथं? मीसुद्धा हल्ली अंधार पडला की कुंपणावरून उडेग्बेकडे जेवायला जातो. वाढतो बिचारा, पण आधी म्हणायला लावतो, "रानतुळसच श्रेष्ठ!"

मी म्हणतो.