भर पावसातला पाण्याचा टँकर

शिवलिंगअप्पांनी मला फसवलं. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं त्यांच्याबद्दल चार बरे शब्द निघाले तर वाचणाऱ्यानं मूळ तक्रार विसरू नये.

मी लातूरचा टँकरवाला. क्लीनर म्हणून सुरुवात केली, आज स्वतःच्या गाड्या आहेत. भाव करायला मी दुकानात शिरलो की दुकानदार आधी पाणी पितो. अशा माणसाला एका सरकारी कारकुनानं गंडवलं, तेही स्वतःच्या घरी चहा पाजून.

अप्पांचं घर अहमदपूरजवळ, मांजरा आणि मन्याड या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधल्या अगदी माथ्यावर. पत्र्याच्या एका उतारावरचा पाऊस मांजरेकडं जातो, दुसऱ्या उतारावरचा मन्याडकडं. अप्पांनी दोन्ही पन्हाळींखाली वेगळ्या टाक्या बसवल्यात. पाहुणा टेकला की विचारतात, "कुठलं देऊ? मांजरेचं का मन्याडचं?" मी एकदा चिडून म्हणालो, दोन्ही मिसळून द्या. अप्पा गंभीर झाले. म्हणाले, "त्याला परवाना लागतो." स्वतः मात्र कायम मन्याडचंच पितात.

परवाने द्यायचं कामही त्यांच्याकडंच होतं. एका खोऱ्यातलं पाणी उचलून दुसऱ्या खोऱ्यात न्यायचं, तर टँकरवाल्याला अप्पांच्या टेबलापुढं उभं राहावं लागे. अर्ज वाचायच्या आधी ते एकच विचारत, "देणारं राजी हाय का?" मग विहीरमालकाचं घर कसं आहे, नेणाऱ्याचं गाव कसं आहे, पाणी तिकडं सांडणार तर नाही ना. सोयरीक जमवताना माणसं एवढी चौकशी करत नाहीत. कुणी घाई केली तर म्हणत, "पाण्याला माहेर असतंय, मालक. उचललं अन् नेलं, असं न्हाई."

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न होतं, रेणापूरला. नवरीचा मामा म्हणून मी व्याह्यांसमोर मिशीला पीळ देऊन सांगून बसलो होतो, की मांडवात पाण्याची जबाबदारी माझी. आणि नेमकं जवळपासच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला. हिंडत हिंडत लोह्याकडच्या एका वाडीत पाणी सापडलं. विहिरीचा मालक वीरभद्रअप्पा नावाचा म्हातारा. तो एका शब्दात राजी झाला. विहीर मन्याडच्या खोऱ्यात, मांडव मांजरेच्या, म्हणून राहिला परवाना. वऱ्हाड तहानलेलं परत गेलं असतं, तर बहिणीला सासरी-माहेरी दोन्हीकडं तोंड दाखवायला जागा उरली नसती.

अर्जावरचं विहीरमालकाचं नाव वाचून शिवलिंगअप्पांनी अर्ज बाजूला ठेवला. मग चष्मा पुसत म्हणाले, संध्याकाळी घरी या. गेलो. चहा दिला आणि सांगितलं, "नियम हाय, व्यंकटराव. उन्हाळ्यात जितकं न्याल, तितकं पावसाळ्यात त्याच इहिरीत परत टाकायचं."

नियम ऐकून मी खवळलो. पण लग्न तोंडावर होतं, म्हणून खवळत खवळत भाव केला. दोन टँकर नेणार, परत एकच आणणार. अप्पांनी मान हलवली, कुरकुरले आणि शेवटी कबूल झाले. सरकारचा नियम अर्ध्यावर आणला म्हणून मी तो किस्सा मांडवभर सांगत फिरलो. लग्न झकास झालं. व्याही तर हात धुतानाही माझं नाव घेत होते.

पावसाळा लागला आणि अप्पांचा फोन. शब्द दिला होता, म्हणून मांजरेकाठी टँकर भरला आणि निघालो. वर धो धो पाऊस, खाली भरलेला टँकर. वाटेत पोलिसानं अडवलं. आत पाणी आहे म्हटल्यावर त्याचा संशय पक्का झाला. तोटी उघडून वास घेतला, बोट बुडवून चाखलं, आणि मग माझ्याकडं असं बघितलं, की त्यापेक्षा दारू सापडली असती तर बरं झालं असतं. पुढं चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "मालक, समुद्राकडं निघालात का?"

वाडीत पोचलो तर विहीर काठोकाठ. टँकर रिकामा केला तसं पाणी वरून वाहून वावरात गेलं. मी कपाळाला हात लावला. वीरभद्रअप्पा डोक्यावर पोतं घेऊन शांतपणे बघत होते. म्हणाले, "दाजींनी धाडलं व्हय?"

मी विचारलं, कोण दाजी?

"शिवलिंगअप्पा की. आमची शांताक्का त्यांच्या घरी दिली होती. दर साली दोघं जोडीनं यायचे. ती हितलं पाणी कळशीभर घेऊन जायची. ती गेली, अन् दाजींनी हितला उंबरा सोडला." डोक्यावरचं पोतं सारखं करत ते म्हणाले, "इहीर भरलेली हाय, मला दिसतंय. पण टँकर आला म्हंजी दाजी खुशाल हायत, एवढं कळलं."

मी तिथून थेट कचेरीत. मोठ्या साहेबांना विचारलं. पाणी परत टाकायचा नियम कुठंच नाही, कधी नव्हता. म्हणजे जे मुळात द्यायचंच नव्हतं, त्याचा अर्धा भाव करून मी जिंकलो होतो.

तडक माथ्यावर गेलो, अप्पांवर तोंड सोडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तांब्या पुढं केला, मन्याडचा. म्हणाले, "त्या घरची लेक आणली, मालक. जपता आली न्हाई. रिकाम्या हातानं कसं जावं?"

मी भांडायला गेलो होतो. पाणी पिऊन परत आलो.

यंदा अप्पा रिटायर झाले. त्यांच्या जागी आलेला नवा कारकून नुसता शिक्का मारतो, कुणाला काही विचारत नाही. मला कुणी फोन केला नाही, मला कसलं देणं नाही. तरी पाऊस लागल्यावर टँकर भरला. का भरला, ते मला विचारू नका. आत्ता तो अप्पांच्या दारात उभा आहे, केबिनमधली शेजारची जागा पुसून ठेवली आहे, आणि अप्पा दाराआडून म्हणतायत, तुम्हीच जाऊन या.

मी जाणार नाही. मला खोटा नियम सांगून भर पावसात माझं हसं केलं, ते एक वेळ सोडतो. पण इतकी वर्षं उंबरा का सोडला, याचा जाब तो म्हातारा मागणार आहे, आणि तो मी का द्यावा? अप्पा, चप्पल घाला. गाडी चालू आहे. जाब तुम्ही द्यायचा.